‘धार्मिक वृत्तीचे होते’ म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर निधनवार्ता आणि श्रद्धांजलीच्या चौकटी येतात. आठवडाभराच्या चौकटी कापून शेजारी शेजारी ठेवल्या तर गेलेल्या माणसांमधला फरक फक्त फोटोवरून कळतो. सगळे वडील प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, कुटुंबवत्सल आणि समाजकार्याची आवड असलेले. मुलांचं दुःख खरंच असतं, वडीलही तसे असतील, पण मजकूर दुकानातून आणल्यासारखा. वर्षश्राद्धाला घरचे लोक स्मरणिका काढतात तेव्हा हेच पाच शब्द सोळा पानांवर पसरतात. अशा स्मरणिकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करताना ज्या चुका पुन्हा पुन्हा हाताखालून जातात, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

वडिलांची श्रद्धा, त्यांचा संसार आणि त्यांनी केलेली सेवा या तिन्ही गोष्टी कागदावर येताना गुण म्हणून येतात. घरात मात्र त्या काम म्हणून घडलेल्या असतात. कामाला वेळ लागतो, खर्च येतो, रजा टाकावी लागते, आणि त्यातला काही भार दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. तेवढं शोधून लिहिलं की वडील ओळखू येतात.

सुरुवात तेराव्याच्या आत करावी. त्या दिवसांत घरात जी माणसं असतात ती पुन्हा एकत्र येत नाहीत: गावाहून आलेली थोरली आत्या, वडिलांच्या माथाडी टोळीतला (ओझी उचलणाऱ्या हमालांच्या गटातला) किंवा खात्यातला जुना सोबती, चाळीतले शेजारी. दुपारची जेवणं आटोपली की एकेकाला आतल्या खोलीत बसवून मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करावं. फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर सांत्वनाचा फोन येतो, रेकॉर्डिंग तुटतं, आणि ते तुटल्याचं संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. फोन उघड्या टेबलावर न ठेवता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवावा. टेबलावर चहाचा कप ठेवल्याचा आवाज आत्याच्या आवाजापेक्षा मोठा येतो. पंखा बंद करावा. ठाण्याच्या मे महिन्यात हे जमणार नाही, निदान एकवर ठेवावा. चाळीस मिनिटांच्या वर ताणू नये आणि दोघींना एकदम बसवू नये, कारण मग जिचा आवाज मोठा तिचीच आठवण उरते.

‘बाबा कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नये. उत्तर ‘देवमाणूस’ असं येतं आणि पदर डोळ्याला लागतो. त्याऐवजी पहिल्या पाळीला जाताना किती वाजता उठायचे, पाणी कोण तापवायचं, डब्यात काय असायचं, पगार हातात आला की आधी कोणाला द्यायचे, एकादशीला कामावर काय खायचे, असं विचारावं. पगाराच्या प्रश्नावर जुना सोबती अर्धा तास बोलतो.

मग जन्मतारीख. इथे बहुतेक स्मरणिका पहिल्याच ओळीत घसरतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असेल तर त्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. शाळा जूनमध्ये उघडायची, गावचा मास्तर नाव घालताना पोराकडे बघून अंदाजाने वय ठरवायचा आणि १ जून लिहून मोकळा व्हायचा. त्याच तारखेवर माणूस सरकारी नोकरीतून ३१ मेला निवृत्त होतो आणि मुलं १ जूनला वाढदिवस साजरा करत राहतात. आधार कार्डावरच्या १ जानेवारीचीही बहुधा हीच गत. खरी तारीख जन्मपत्रिकेत सापडते, नाहीतर तहसील कचेरीतल्या जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याची नोंद त्या त्या पॅरिशच्या वहीत असते आणि ती बहुतेकदा शाळेच्या दाखल्यापेक्षा भरवशाची निघते. काहीच मिळालं नाही तर आठवणीतल्या खुणा धराव्यात. पानशेत फुटलं तो दिवस १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ १९७२. ‘भूकंपाच्या वेळी तो रांगत होता’ हे थोरल्या आत्याचं वाक्य एखाद्या दाखल्याच्या तोडीचं असतं.

पत्रिका वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे चैत्रापासून कार्तिकापर्यंत चालतं. माघ-फाल्गुनाला ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं. शके १८७०, सर्वधारी संवत्सर, माघ महिना म्हणजे फेब्रुवारी १९४९. घाईत ७८ मिळवून १९४८ छापलं की वडील एक वर्षाने थोरले होतात. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष दोन्हीकडे पाय ठेवून असतात, तिथे जुनं पंचांगच काढावं. दुसरी घसरण वाराची. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे पत्रिकेत ‘सोमवारी उत्तररात्री ३ वाजता’ असं असेल तर इंग्रजी तारीख मंगळवारची धरायची.

नोकरीचा काळ प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, सर्व्हिस सर्टिफिकेट यांवरून ठरवावा. आठवणीवर विसंबलं की असं वाक्य येतं: ‘१९८५ साली बाबा वाशीहून लोकलने कामाला जायचे.’ वाशीला लोकल आली १९९२ मध्ये. त्याआधी खाडीपुलावरून बसने जावं लागे. ठाण्याहून थेट वाशी-नेरूळकडे लोकलने जायची सोय तर २००४ च्या अखेरीस झाली. ‘१९७५ मध्ये आईबाबांनी गडकरीला नाटक पाहिलं’ हेही तसंच; गडकरी रंगायतन उघडलं १९७८ मध्ये. जिल्ह्यांची नावं त्या काळची लिहावीत. १९८१ च्या आधीच्या कागदावर पनवेल-उरण कुलाबा जिल्ह्यात असतील, रायगडात नाही. जव्हार-मोखाडा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, ‘पालघर जिल्ह्यात जन्म’ असं १९४९ सालच्या माणसाबद्दल लिहिलं की वाचणारा गोंधळतो. ‘आता पालघर’ एवढे दोन शब्द जोडावेत. ज्यांनी मशीद बंदरात माथाडी म्हणून सुरुवात केली आणि तुर्भ्याला संपवली, त्यांच्या बाबतीत मुंबईचा घाऊक बाजार नवी मुंबईत एका दिवसात हलला नाही हे ध्यानात ठेवावं. आधी कांदा-बटाटा आला आणि बाकीचे बाजार मागून टप्प्याटप्प्याने. वडील कोणत्या बाजारात होते हे कळल्याशिवाय नवी मुंबईला कधी आले ते ठरत नाही.

आता श्रद्धा. ‘धार्मिक वृत्तीचे होते, नियमित वारी करत’ या सहा शब्दांत वडिलांच्या आयुष्यातली वीस-तीस वर्षं गाडली जातात. त्यांचं रजेचं कार्ड शोधावं. त्या काळच्या कारखाना कायद्याप्रमाणे २० दिवस कामामागे १ दिवस पगारी रजा मिळे आणि तीही वर्षात २४० दिवस भरले तर, म्हणजे कमीत कमी १२ दिवसांचा हिशेब. काही कंपन्या जास्त देत, पण पाया हा. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. एकादशी धरून अठरा-एकोणीस दिवस झाले, पौर्णिमेच्या गोपाळकाल्याला थांबलं तर आणखी चार. बारा दिवसांच्या रजेत ही वारी बसत नाही. मग ती बसवली कशी? मागच्या वर्षीची रजा ओढून (त्या कायद्याने ३० दिवसांपर्यंत ओढता येई), की बिनपगारी, की आळंदी सोडून लोणंदला नाहीतर फलटणला दिंडी गाठून? वर्षभर ताप अंगावर काढून, भाच्याच्या लग्नाला एका दिवसात जाऊन-येऊन साठवलेली ती रजा असेल तर श्रद्धेबद्दल वेगळं काही लिहावं लागत नाही. रजेच्या कार्डावर जून-जुलैचे रकाने दरवर्षी भरलेले आणि बाकीचे कोरे दिसले की त्या पानाचा फोटोच छापावा.

माथाडी वडिलांचं गणित निराळं. घणसोली-कोपरखैरण्यात जावळी, पाटण, वाईकडची अशी किती तरी घरं आहेत. तिथे टोळीने उचललेल्या मालाची मजुरी टोळीत वाटली जाते, तेव्हा तीन आठवडे एक खांदा कमी म्हणजे उरलेल्यांच्या डोक्यावर तेवढा बोजा जास्त. वडील वारीला गेले तेव्हा कोणी सांभाळून घेतलं, आणि त्याच्या बदल्यात वडिलांनी दिवाळीत कोणाचं काम ओढलं, हे टोळीचा मुकादम सांगतो. टोळी नंबर आणि नोंदणी क्रमांक माथाडी मंडळाच्या कार्डावर असतो, तो स्मरणिकेत जरूर द्यावा. त्यावरून जुने सोबती एकमेकांना ओळखतात.

वाऱ्यांची संख्या सांगताना भल्याभल्यांची चूक होते. १९८१ पासून २०१९ पर्यंत दरवर्षी म्हणजे ३९ वाऱ्या, ३८ नव्हे. सुरुवातीचं वर्षही मोजायचं. ‘१९८१ ते २०२२ सलग ४२ वर्षं पायी वारी’ असं छापलं तर ते चूकच, कारण २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी सोहळा झालाच नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षी वडिलांनी काय केलं हे खरं तर लिहिण्यासारखं असतं. कोणी बाल्कनीत रोज तेवढ्या फेऱ्या मारल्या, कोणी त्या दिवसांचे अभंग त्या त्या मुक्कामाच्या नावाने घरी म्हटले. आळंदीपासूनची, लोणंदपासूनची आणि वाखरीला जाऊन मिळालेली वारी एकाच आकड्यात मिसळू नये. तिन्ही वाऱ्याच, पण वारकरी वाचक हिशेब विचारतो. दिंडीचा क्रमांक देताना पालखीच्या रथापुढची की रथामागची ते लिहावं, नुसत्या ‘दिंडी क्रमांक १२’ वरून काही कळत नाही. वडील टाळकरी होते, विणेकरी, पखवाजी, पताकाधारी, की ट्रकवर स्वयंपाकाला? दिंडीतली भाकरी-आमटीची बाजू सांभाळणारा माणूस वाटेवर पालखीजवळ फारसा नसतो, तो पुढच्या मुक्कामी चूल मांडायला आधीच निघालेला असतो. त्याचे फोटो कमी असतात. म्हणून त्याच्याबद्दल जास्त विचारावं.

‘रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वाचत’ हे वाक्यही थोडं तपासून घ्यावं. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आतला, अठरावा अठराशेच्या वर. पाळी करून, दोन गाड्या बदलून घरी येणारा माणूस अठरावा अध्याय एका बैठकीत वाचेल हे कठीण. बहुतेक वेळा खरं असं निघतं की ते रोज बारावा वाचत, किंवा ठरावीक ओव्या, किंवा संध्याकाळी हरिपाठ आणि सप्ताहात पारायण. पोथीच बघावी. वाचणाऱ्याच्या पोथीत पानांच्या खालच्या कोपऱ्याला बोटाचा काळसर डाग असतो, मध्येच एसटीचं तिकीट किंवा तुळशीचं वाळलेलं पान खुणेला ठेवलेलं असतं. डाग कुठे संपतो ते पाहिलं की वाचन कुठवर होतं ते कळतं. समासात पेन्सिलीने तारखा घातलेल्या असतील तर त्या उतरवून घ्याव्यात.

गावच्या नाहीतर नवी मुंबईतल्या नोडातल्या (वसाहतीतल्या) अखंड हरिनाम सप्ताहातला पहाऱ्याचा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायच्या पाळ्यांचा, कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. संध्याकाळच्या पहाऱ्याला नावं सहज मिळतात. रात्री २ ते ४ ला कोण उभं राहायचं ते त्या कागदावर असतं. पखवाजी वडिलांच्या घरी विचारावं की डाव्या पुडीला लावायची कणीक कोण मळून द्यायचं. हे असलं किरकोळ वाटणारं लिहिलं की भजनी मंडळाची माणसं स्मरणिका जपून ठेवतात. वारकऱ्याची तुळशीची माळ कधी, कुठे, कोणाच्या हातून घातली हे मात्र घरच्यांनी आवर्जून शोधावं, तेच नेमकं विसरलेलं असतं. माळेच्या आधी दारू किंवा मटण होतं आणि माळेनंतर सुटलं, तर ते लिहायचं की नाही हा निर्णय आईचा. ती हो म्हणाली तर लिहावं, कारण माळेचं वजन त्यातूनच कळतं.

चमत्कार टाळावेत. ‘शेवटच्या क्षणी खोलीत बुक्क्याचा वास आला’ हे घरात सांगायला ठीक आहे. छापून आलं की ते वडिलांचं राहत नाही, कुठल्याही संतचरित्रातलं होतं.

नावामागच्या अक्षरांबद्दल तुमच्याकडूनही चूक होते, म्हणून सांगतो. डीटीपीवाले सरसकट ‘कै.’ लावतात. माळकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहायची रीत आहे. बौद्ध घरात ‘कालकथित’ लिहितात, आणि विधीला जलदान व पुण्यानुमोदन म्हणतात, तिथे ‘कै.’ आणि ‘उत्तरकार्य’ छापणं म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर जे सोडलं तेच त्याच्या नावाला चिकटवणं. अशा वडिलांची श्रद्धा लिहिताना ते बौद्धाचार्य असतील तर किती मंगल परिणय लावले, विहारात लहान मुलांना वंदना कोणत्या वारी शिकवायचे, हे विचारावं. मुस्लिम घरात ‘मरहूम’. ‘ह.भ.प.’ हे कीर्तन-प्रवचन करणाऱ्याला आणि सांप्रदायिक मंडळींत मानाने लावतात. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाला ते लावलं की त्याची किंमत जाते.

संसाराच्या भागात ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द काढून टाकावा आणि त्या जागी किती माणसं त्या पगारावर होती ते लिहावं. जुनं रेशन कार्ड उघडलं की नावं मिळतात: लग्न न झालेल्या बहिणी, शिकायला आलेला पुतण्या, गावाहून औषधपाण्याला आलेली आणि मग राहिलेली आजी. सिडकोच्या एका खोलीत कोण कुठे झोपायचं हा प्रश्न मुलांना विचारावा, सगळ्यांची उत्तरं जुळतात. गावी पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या काही घरांत सुतळीने बांधून ठेवलेल्या असतात. रक्कम वर्षागणिक कशी बदलली आणि कोणत्या महिन्यात ती थांबली हे पाहिलं तर संपाचे, आजारपणाचे आणि बहिणीच्या लग्नाचे महिने आपोआप दिसतात.

वंशावळ देताना सासरी गेलेल्या मुली, लहानपणी गेलेली भावंडं आणि वडिलांची पहिली बायको गळते. गाळू नयेत. जावयांची पदं मात्र गाळावीत, चालतं.

सगळ्यात मोठी गळती आईची. वडिलांच्या स्मरणिकेत ती ‘त्यांच्या सुविद्य पत्नी’ किंवा ‘खंबीर साथ’ एवढ्यावर संपते. वडील अठरा दिवस वारीत होते तेव्हा जून महिन्यात शाळेची फी कोणी भरली, वह्या-पुस्तकं कोणी आणली, पावसात छपराला प्लास्टिक कोणी बांधलं? वारी आणि शाळा एकाच वेळेला येतात. त्या अठरा दिवसांवर आईचं अर्धं पान तिच्याच शब्दांत, रेकॉर्डिंगवरून उतरवून घ्यावं. उतरवताना तिची भाषा ‘सुधारू’ नये. ‘गेलं की गेलं, मागं बघायचं न्हाय’ असं ती म्हणाली असेल तर तसंच छापावं.

सेवेच्या बाबतीत थोडक्यात. रक्तदानाचे आकडे तपासावेत: पुरुषाला तीन महिन्यांनी एकदा, म्हणजे वर्षात जास्तीत जास्त चार वेळा रक्त देता येतं, वय १८ ते ६५. ‘शंभर वेळा रक्तदान’ म्हणजे एकही खेप न चुकवता पंचवीस वर्षं. अशी माणसं असतात, पण रक्तपेढीची कार्डं मोजूनच आकडा टाकावा. सोसायटीचे सेक्रेटरी किंवा खजिनदार असतील तर इतिवृत्ताची वही बघावी, त्यांचं अक्षर आणि कोणत्या वर्षी टाकी दुरुस्त झाली ते तिथे मिळतं. मयताचं सामान आणायला आणि तिरडी बांधायला ज्यांना वस्तीत पहिला फोन जातो अशी काही माणसं असतात. वडील त्यांतले असतील तर ‘समाजकार्याची आवड’ न लिहिता रात्री-अपरात्री बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या कुठून आणायचे ते लिहावं. सिव्हिल हॉस्पिटलात जव्हार-मोखाड्याहून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबा पोचवणारे असतील तर डबे किती, वार कोणता, स्वयंपाक कोणाचा. (स्वयंपाक पुन्हा आईचाच निघतो.) एक पथ्य पाळावं: ज्यांना पैशांची मदत केली त्यांची नावं त्यांना विचारल्याशिवाय छापू नयेत. वडिलांनी ती गोष्ट आयुष्यभर घरातही सांगितली नसेल, तर मुलांनी ती वाटून टाकणं बरं नाही.

छपाईचं एवढंच. डेमी एक अष्टमांश आकार, आतली पानं ८० जीएसएम मॅपलिथो, कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, मध्ये पिन. पिनेच्या बांधणीला पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून मजकूर १३ पानं झाला तर एक पान वाढवण्याऐवजी काटून १२ वर आणावा नाहीतर १६ करावा. एका पानात साधारण अडीचशे शब्द सुखाने मावतात. जुने लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत. ४ बाय ६ इंच छापायला निदान १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. अल्बमच्या चिकट पानावरून फोटो ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावा. समूहचित्रात नावं डावीकडून लिहावीत, उभे आणि बसलेले वेगळे. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर उमटतो.

मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार हलतात. सगळ्यात आधी बळी जातो तो ‘ऱ्य’. ‘वाऱ्या’चं ‘वार्या’ होतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. वारकऱ्याच्या स्मरणिकेत तो शब्द पानोपानी असतो, तेव्हा शेवटचं प्रूफ कागदावर घेऊन फक्त ‘ऱ्य’ शोधत एकदा वाचावं. वडिलांचं नाव आणि दोन्ही तारखा घराबाहेरच्या माणसाकडून तपासून घ्याव्यात, घरच्यांच्या डोळ्यांना त्या बरोबरच दिसतात.

प्रती छापताना दोन प्रती जास्त छापाव्यात. मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे (स्थापना १८९३) घेईल का ते विचारून एक तिथे द्यावी, दुसरी गावच्या वाचनालयात.

आता तुमच्याकडे मागणं. निधनाची चौकट चौरस सेंटिमीटरच्या दराने जाते, निम्मी जागा फोटो खातो, आणि उरतात तीसेक शब्द. त्यात तुमच्या काउंटरवर तयार मजकुराचा नमुना दिला जातो, दुःखातला माणूस त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. त्या नमुन्याऐवजी चार ओळींचा छोटा अर्ज ठेवता येईल: काम काय आणि कुठे, श्रद्धेचा नेम कोणता, कोणाकोणाला पोसलं-शिकवलं, बाहेर कोणाच्या उपयोगी पडले. शिवाय ‘कै., वै., कालकथित, मरहूम, काही नको’ असे पर्याय टिकमार्कला. तीसेक शब्दांत काय मावतं त्याचा कल्पित नमुना खाली देत आहोत, हवा तर तोच काउंटरवर लावा:

‘वै. (नाव), वय ७७, कोपरखैरणे. मसाला मार्केटमध्ये माथाडी, टोळी नंबर (अमुक). माळ १९८३. आळंदीहून पायी वाऱ्या २९, लोणंदहून ६. तीन भावांची शिक्षणं, दोन बहिणींची लग्नं. सोसायटीचे खजिनदार ११ वर्षं. पत्नी (नाव) यांच्यासह.’

नमुन्यातले शेवटचे तीन शब्द जागेअभावी कापू नयेत, अशी काउंटरवरच्या मंडळींना सूचना द्यावी.

कळावे,
स्मरणिकांचे संपादन व मुद्रितशोधन करणारे काही जण,
नौपाडा, ठाणे